नेमबाजाचा खुराक

"रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या घरी ओतायच्या म्हणतोय, पहिला साचा कोणता घेऊ?" हा प्रश्न कुणा मराठी माणसाला पडू शकतो असं मला वाटलं नव्हतं. पडला, आणि आमच्याच घरात पडला. माझा आतेभाऊ टेक्सासमधे वाढला, तिथलाच नागरिक आहे. त्यानं मला विचारायची कारणं दोन. मी इंजिनियर (डिग्री मेकॅनिकलची, पोटापाण्याला जावा), आणि वर गाव राधानगरी तालुक्यातलं, म्हणजे जिल्हा कोल्हापूर. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमुळे कोल्हापूरच्या माणसाला ओतकाम जन्मतःच येतं अशी लोकांची समजूत आहे. असू दे बापडी.

त्याच्यापुरतं उत्तर सोपं आहे. त्याच्याकडे हे कायदेशीर आहे, हौशी लोक वर्षानुवर्षं करतात. त्याला म्हटलं, साच्याचा ब्रँड नंतर बघ, आधी तुझ्या रिव्हॉल्व्हरची मापं घे. शिशाची गोळी नळीच्या आतल्या व्यासापेक्षा केसभर मोठी लागते, म्हणजे नळीतल्या पन्हळींत ती घट्ट बसते आणि मागचा गॅस निसटत नाही. .३८ च्या रिव्हॉल्व्हरची नळी साधारण .३५७ इंच, म्हणून ओतीव गोळी .३५८ ची. फरक एक हजारांश इंचाचा! साचा अ‍ॅल्युमिनियमचा घेतला तर हलका आणि लवकर तापणारा, लोखंडी घेतला तर जड पण टिकाऊ. नवशिक्यानं एका वेळी दोन गोळ्या पडतील असा घ्यावा, सहाच्या मागे लागू नये. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्वयंपाकघरात शिसं वितळवू नये. झालं.

पण यातून जो विषय माझ्या डोक्यात बसला तो वेगळाच. हा माणूस गोळ्या का ओततो? हौस आहेच, पण मूळ कारण पैसे. नेमबाजी हा सरावाचा खेळ, आणि प्रत्येक वेळी चाप ओढला की काहीतरी खर्ची पडतं. बॅडमिंटनचं फूल दहा मिनिटं तरी चालतं. गोळी एकदाच.

आता इकडची बाजू. तुमच्यापैकी कुणाला हे वाचून साचा मागवायची उबळ आली असेल तर थांबा. शस्त्र अधिनियम १९५९ मधे 'दारूगोळा' या शब्दाची जी व्याख्या आहे त्यात दारूगोळ्याचे सुटे भाग येतातच, आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे कायद्याच्या काटेकोर वाचनात गोळीचा साचा हे नुसतं हत्यार-अवजार नव्हे, साचा हाच दारूगोळा! परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं कलम ५ नुसार बंद, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ खाली त्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. वीकेंडच्या छंदासाठी ही किंमत जरा जास्तच झाली.

तुम्ही म्हणाल, हा कायदा फार कडक आहे. मला तसं वाटत नाही. माझं गाव अभयारण्याच्या कडेला आहे. राधानगरी-दाजीपूरचं जंगल एकेकाळी संस्थानाचं शिकारीचं राखीव रान होतं, १९५८ मधे ते अभयारण्य झालं. आजही गवे उसात, भातात उतरतात आणि एका रात्रीत वर्षाची कमाई तुडवून जातात. त्या शेतकऱ्याचा राग मला समजतो. पण जंगलाच्या कडेला घरोघरी गोळ्या ओतल्या जायला लागल्या तर पिकांच्या राखणीपासून शिकारीपर्यंत अंतर फार उरणार नाही. आणि माणसामाणसांच्या बांधाच्या भांडणात काय होईल ते बोलायलाच नको. तेव्हा घरची गोळी नको, या बाबतीत मी शंभर टक्के सरकारच्या बाजूनं.

माझं म्हणणं याच्या पुढचं आहे. सरकारनं 'तू बनवायची नाहीस' म्हटलं, ठीक. मग शिकणाऱ्याला ती मिळायची व्यवस्था कुणी करायची?

हा प्रश्न हवेतला नाही. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमधे स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमधे ब्राँझ जिंकलं. पोरगा कांबळवाडीचा, म्हणजे आमच्याच तालुक्यातला. पात्रता फेरीत ५९० गुण मिळवून सातवा, आणि फायनलमधे ४५१.४ गुणांसह तिसरा. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या ब्राँझनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. त्या दिवशी आमच्या ऑफिसात मी तीन वेगवेगळ्या लोकांना राधानगरी नकाशावर दाखवली. (एकानं विचारलं, "तिथे रेंज आहे का?" मी विषय बदलला.)

स्वप्नीलची .२२ ची गोळी आणि माझ्या आतेभावाची गोळी यांत एक मोठा फरक आहे. .३८ च्या काडतुसात ठिणगी देणारी टोपी बुडाच्या मधोमध बसवलेली असते. ती बदलता येते, त्यामुळे पितळी पुंगळी पुन्हा भरता येते आणि घरी ओतलेल्या गोळीला काही अर्थ उरतो. .२२ मधे तो स्फोटक मसाला पुंगळीच्या काठात भरलेला असतो. घोडा पडला की तो काठ चेपतो, पुंगळी भंगारात. म्हणजे कायदा उद्या बदलला तरी ऑलिंपिकची रायफल घरच्या साच्यावर चालणार नाही. ती गोळी विकतच घ्यावी लागते, आणि वरच्या दर्जाचे नेमबाज परदेशी गोळी वापरतात.

त्यातही 'चांगली गोळी' अशी काही एक नसते. एकाच कंपनीच्या, एकाच डबीवर तेच नाव असलेल्या, पण वेगवेगळ्या दिवशी बनलेल्या गोळ्या एकाच नळीतून वेगवेगळ्या वागतात. म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन थेट कारखान्याच्या चाचणी रेंजवर जातात. एलीची इंग्लंडमधे आहे, लापुआची जर्मनीत. तिथे रायफल शिकंजात आवळून लॉटमागून लॉट उडवून बघतात, आणि जो आपल्या नळीला मानवतो त्याचा वर्षाचा साठा उचलतात. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. तिथे गोळीनं केलेली चूक आणि हातानं केलेली चूक वेगळी ओळखता आली नाही तर माणूस सुधारणार कसा? आपल्या भाषेत सांगायचं तर, कंपायलरवरच भरवसा नसेल तर बग शोधणार कुठे?

आता आमच्या घरातला दुसरा प्रश्न. माझ्या चुलतभावाची मुलगी, वय तेरा, पॅरिसनंतर एअर रायफल शिकायला लागली. शनिवार-रविवार पन्नासेक किलोमीटर एसटीनं कोल्हापूरला. तिचा बाप, आमचा आण्णा, शिरोलीत फाउंड्रीत मोल्डर आहे. छर्ऱ्यांच्या डब्यांचा हिशोब ऐकून तो म्हणाला, "त्याला काय लागतंय? साचा मी करतो की. शिसं तर काय, चुलीवर पण वितळतंय."

आण्णाच्या हातावर माझा विश्वास आहे. पण छर्रा ओतत नाहीत, शिशाच्या तारेचे तुकडे ठशात दाबून घडवतात. मागून पोकळ, पातळ घेराचा, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. स्पर्धेचे छर्रे ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर अशा मापांत विकतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशोब! १० मीटर एअर रायफलचा दहा हा फक्त अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो. चुलीवरच्या छर्ऱ्यानं पोरगी सराव करेल, पण कशाचा ते देवालाच ठाऊक. दुसरं म्हणजे शिसं ३२७ अंशांना वितळतं, ही गोष्ट सोपी वाटते तिथेच घात आहे. त्याची धूळ आणि वाफ घरात बसते, पोटात जाते, हाडांत साठते, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो. सुरक्षित म्हणावी अशी शिशाची पातळीच नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आण्णाला एवढंच म्हटलं, "पोरीसाठी करतोयस ना? मग पोरीच्या घरात नको." त्याला पटलं. पण तो पुढे जे बोलला त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "मग इकत घ्यायला पैसं कोण देणार?"

हिशोब मांडू. एका सामन्यात ६० गोळ्या. रोज तेवढाच सराव धरला, आठवड्याचे सहा दिवस, वर्षाचे पन्नास आठवडे, तर १८,००० छर्रे. पाचशेचा एक डबा, म्हणजे ३६ डबे. हे फक्त छर्रे. पुढे .२२ वर गेली की ५० गोळ्यांची डबी एका दिवसाच्या सरावालाही पुरत नाही. रायफल, जॅकेट, बूट हा खर्च एकदाचा. कर्ज काढून, नातेवाईकांकडून, रेंजच्या सामायिक रायफलीवर कसातरी निभतो. छर्रे मात्र दर महिन्याला दार वाजवतात.

कोल्हापूरला ही गोष्ट नवी नाही, फक्त खेळ नवा आहे. पैलवानाला लंगोट एकदा लागतो, खुराक रोज लागतो. दूध, तूप, बदाम यांचा खर्च गरिबाच्या घराला झेपत नाही हे शाहू महाराजांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. म्हणून त्यांनी तालमींना आणि पैलवानांना राजाश्रय दिला, आणि खासबाग मैदान उभं राहिलं. मैदान आणि खुराक या दोन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा कुस्तीची पंढरी झाली. नेमबाजाचा खुराक म्हणजे गोळी. आपण फार तर मैदान बांधतो, उद्घाटनाची कोनशिला बसवतो, आणि खुराक ज्यानं त्यानं आणावा म्हणतो.

"घरात म्हैस असेल तर पैलवान घरचं दूध पितोच की, मग घरची गोळी का नको?" असा प्रश्न कुणी विचारेल. बरोबर, आणि फरकही तोच आहे. म्हैस पाळायला कायद्याची आडकाठी नाही. इथे घरचा रस्ता आपण योग्य कारणासाठी बंद केलाय. रस्ता बंद करणाऱ्यावर दुसरा रस्ता दाखवायची जबाबदारी येते.

स्वप्नील तरी कसा पोचला? २००९ मधे तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, तिथे नेमबाजीकडे वळला. पुढे २०१५ पासून मध्य रेल्वेची नोकरी, दीपाली देशपांडेंसारख्या प्रशिक्षक. म्हणजे गुण त्याचे, मेहनत त्याची, पण वाटेत खुराकाची सोय कुठेतरी होत गेली. २०१० मधे म्युनिकला विश्वविजेती झालेली तेजस्विनी सावंत आणि २०१८ च्या एशियाडमधे सोनं जिंकणारी राही सरनोबत याच जिल्ह्याच्या. इथे माणसं कमी नाहीत. पदकानंतर कोटीच्या घरातली बक्षिसं जाहीर होतात, व्हायलाच हवीत. पण ती जिंकलेल्याला मिळतात. छर्ऱ्याचा डबा लागतो तो अजून न जिंकलेल्याला.

करायचं काय? इंजिनियर म्हणून माझा प्रस्ताव अगदी रटाळ आहे. तालुका क्रीडा संकुलात १० मीटरची एअर रेंज. दहा मीटर लांबीची खोली, मागे भक्कम भिंत आणि छर्रे अडवायची पेटी, चार लेन, कागदी टार्गेटं. शाळेच्या जुन्या व्हरांड्यातही बसते. ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही, त्यामुळे ती भानगड नाही. मुलांना छर्रे रेंजवरूनच, मोजून, आणि नोंदीवर. महिनाअखेरी टार्गेटचे कागद जमा केले की पुढचा कोटा. पेटीत साठलेलं शिसं भंगारात विकून थोडे पैसे परत. एका साध्या एक्सेल शीटचं काम आहे, हवं तर मी फुकट करून देतो. चोरी होईल? छर्रे चोरून कुणी दरोडा घालणार नाही. .२२ च्या बाबतीत रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घ्या, मग नवी डबी.

तुम्हाला पॅरिस बघून स्वतः वीकेंडला शिकायचं असेल तर अवश्य शिका. पहिल्याच महिन्यात रायफल विकत घेऊ नका, रेंजची वापरा. छर्रा सपाट डोक्याचा घ्या, कागदाला गोल स्वच्छ भोक पाडतो, गुण नीट मोजता येतात. दोन-तीन मापांचे दहा-दहा छर्रे टेकू लावून मारा, ज्याचा घोळका सगळ्यात लहान तो तुमचा, मग वर्षभर तोच. रेंजवर खाऊ नका, घरी जायच्या आधी साबणानं हात धुवा. आणि रोज घरी प्रशिक्षकानं सांगितल्याप्रमाणे रिकाम्या रायफलीनं कोरडा सराव करा, नुसतं उभं राहणं, श्वास, चाप. त्याला छर्रा लागत नाही. आमची पोरगी सध्या आठवड्याचे पाच दिवस तेच करते. तिला पर्याय नाही म्हणून.

आपल्याला मात्र पर्याय आहे. आपल्यासारखे पगारदार लोक शनिवारी दोन तासांच्या रेंजवर जेवढे पैसे उडवतात, त्यात तालुक्याच्या एखाद्या मुलाचा महिन्याचा खुराक निघू शकतो. रेंजवाल्यांना विचारा, त्यांच्याकडे असं एखादं मूल असतंच. त्याच्या नावावर एक डबा लिहून या. सरकारचं काम सरकारनं करावं हे मी सांगत राहणारच आहे, पण तेरा वर्षांची मुलगी तोपर्यंत चौदाची होते.