ग्रामसभेतली आपली रिकामी जागा

14 एप्रिलची मिरवणूक असो, 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर जाण्याचे नियोजन असो की वर्षावासातील ग्रंथवाचन, आपल्या वस्त्यांतील तरुणांना संघटन शिकवावे लागत नाही. वर्गणी जमते, हिशेब फलकावर लागतो, भोजनदानापासून गाड्यांपर्यंतची कामे वाटून घेतली जातात. पण ग्रामसभा भरते तेव्हा याच वस्तीतले किती जण तिथे बसलेले असतात? बहुतेक गावांत हे उत्तर आपल्यालाच अवघडून टाकणारे आहे.

हा प्रश्न आताच विचारण्याचे कारण आहे. 2022 पासून राज्यातील अनेक जिल्हा परिषदा आणि महापालिका प्रशासकांच्या हाती गेल्या. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यानंतर रखडलेल्या निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला. दुसरीकडे 15 व्या वित्त आयोगाचा कालावधी 31 मार्च 2026 पर्यंतचा, आणि त्यापुढची पाच वर्षे 16 व्या आयोगाची. म्हणजे गावाच्या पैशाचे नवे गणित मांडले जात असताना आपण कुठे बसलो आहोत, हे ठरवण्याची ही वेळ आहे.

पैसा येतो कुठून, हे आधी समजून घेऊ. 15 व्या वित्त आयोगाच्या निधीपैकी 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील होती, उरलेली 40 टक्के गावाच्या गरजेप्रमाणे खर्चता येत होती. ही गरज 'आमचा गाव, आमचा विकास' या आराखड्यात नोंदवली जाते आणि तो आराखडा ग्रामसभेपुढे येतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील 15 टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायची असते. शिवाय अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना आहे, जिला गावात अजूनही 'दलित वस्ती सुधार' म्हणूनच ओळखतात. अंतर्गत रस्ते, गटारे, पिण्याचे पाणी, दिवाबत्ती, समाजमंदिर अशी कामे त्यातून होतात. प्रस्ताव ग्रामपंचायतीतून पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे जातो. वस्तीची मागणी पहिल्या पायरीवरच कागदावर आली नाही, तर पुढच्या पायऱ्यांवर ती शोधून काही उपयोग नाही.

नेमके इथेच आपले नुकसान होते. निधी वस्तीच्या नावाने मंजूर होतो आणि रस्ता भलत्याच आळीत होतो, अशा तक्रारी कार्यकर्त्यांना नव्या नाहीत. सिमेंटचा एकच रस्ता पुन्हा पुन्हा होतो, नळाला मात्र पाणी येत नाही. काम कोणते हवे हे वस्तीला कोणी विचारलेले नसते, आणि खरे सांगायचे तर वस्तीनेही कोणाला सांगितलेले नसते.

कायदा काय म्हणतो? 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून अमलात आली आणि ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 7 नुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. सर्वसाधारण ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. पुरेसे कारण नसताना सभा न घेणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार लागतात. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. त्यामुळे आपण गेलो नाही म्हणून निर्णय थांबत नाहीत. ते मोजक्या लोकांत होतात, एवढेच.

'ग्रामसभेत जाऊन काय उपयोग, तिथे पाटलांचेच चालते,' असे म्हणणाऱ्याला आम्ही खोटे ठरवणार नाही. ज्याच्या शेतावर मजुरीला जायचे, त्याच्यासमोर उभे राहून हिशेब मागणे सोपे नसते. खुद्द बाबासाहेबांनी गावाचे गोडवे कधी गायले नाहीत. 1932 मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी अस्पृश्यांना पुरेसे प्रतिनिधित्व नसलेल्या पंचायतींच्या हाती सत्ता देण्यातला धोका सांगितला. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत त्यांनी राज्यघटनेचा घटक गाव नसून व्यक्ती आहे, याबद्दल समाधान व्यक्त केले. त्याच महिन्यात ग्रामपंचायतींविषयीची दुरुस्ती आली, तेव्हा ती त्यांनी स्वीकारली. हीच तरतूद आज अनुच्छेद 40 मध्ये आहे. आमच्या मते यातून घ्यायचा धडा असा, की गावावर आंधळा विश्वास ठेवू नये आणि गावातील सत्ता दुसऱ्यांच्या हाती सोडूनही देऊ नये.

नुसत्या ठरावाने काय होते, हे महाडने दाखवले आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव 1923 मध्ये मुंबई विधिमंडळात झाला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी तळ्याला कोणाचा हात लागला नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांसोबत लोक तळ्यापर्यंत चालत गेले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. त्यानंतर काही महिन्यांत नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि न्यायालयीन लढाई 1937 पर्यंत चालली. हक्क कागदावर मिळाल्यावरही तो वापरावा लागतो, आणि वापरल्यावर राखावाही लागतो.

मग करायचे काय? एकट्याने ग्रामसभेत उभे राहण्यापेक्षा आधी विहारात वस्तीची बैठक घ्यावी. 2 ऑक्टोबरच्या सुमारास पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा सुरू होते, त्याच्या आधीच ती व्हावी. वस्तीत फिरून नळ, गटारे, दिवे, शौचालये, अंगणवाडी यांची स्थिती वहीत लिहावी आणि पहिल्या तीन गरजा एकमताने ठरवाव्यात. पाणी कोण भरते, हे लक्षात घेतले तर महिलांचे म्हणणे पहिले असायला हवे; ते महिला सभेत ठरावाच्या रूपाने मांडावे. मागण्या लेखी द्याव्यात, पोच घ्यावी आणि त्या इतिवृत्तात आल्याची खात्री करावी. ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांच्याकडून इतिवृत्ताची प्रत मागता येते. ती मिळाली नाही तर माहितीचा अधिकार आहे, गटविकास अधिकारी आहेत. आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराजवर मोबाईलमध्येही पाहता येतो. कागदावरचे काम आणि वस्तीतले काम जुळते का, हे पाहायला अर्धा तास पुरतो.

राखीव जागेवर निवडून आलेल्या आपल्या सदस्याकडेही थोडे वेगळ्या नजरेने पाहावे लागेल. त्याला किंवा तिला पॅनेलप्रमुखाच्या घरून सही करण्याचे निरोप येत असतील, तर दोष एकट्या सदस्याचा नाही. निवडून दिल्यावर आपण त्याच्या पाठीशी उभे राहिलो नाही, हेही खरे आहे. सभेत वीस माणसे मागे बसलेली असतील तर सदस्याचा आवाज आपोआप वाढतो.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाची आठवण दिली होती. बैठकव्यवस्था, प्रस्ताव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे नियम संघाला ठाऊक होते. तथागतांनी वज्जींच्या भरभराटीची जी कारणे सांगितली, त्यात वारंवार एकत्र जमणे आणि एकदिलाने निर्णय घेणे ही पहिलीच आहेत. ज्या परंपरेत सभेला एवढा मान, तिचे वारसदार गावच्या सभेतून गैरहजर राहतात, ही विसंगती आपणच मिटवायची आहे.

जयंतीच्या तयारीची जी वही आपण काढतो, तिच्यातच एक पान ग्रामसभेसाठी राखून ठेवू. पुढच्या सभेची तारीख त्या पानावर आजच लिहू.

जयभीम!