कुठल्या पेठंतला?

कोल्हापुरात नवी ओळख होताना आडनावाच्या आधी एक प्रश्न येतो, "कुठल्या पेठंतला?" शिवाजी पेठ असं उत्तर आलं की बाकीचं विचारावं लागत नाही. गणपती कुठल्या मंडळाचा, फुटबॉलच्या मॅचला गडी कुणाच्या बाजूनं ओरडणार, याचा अंदाज ऐकणारा आपला आपण बांधतो. शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम समोरासमोर आले की शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठेतली दुकानं दुपारपासूनच ओस पडायला लागतात. एवढा जीव जिच्यात गुंतलेला, त्या पेठेला आज स्वतःचा अधिकारी नाही, बजेट नाही, निवडणूक नाही. कारभाराच्या कागदावर चालतो तो वॉर्ड आणि प्रभाग.

पेठ हीही मुळात कारभारातूनच आलेली. बाजार भरवण्यासाठी वसवलेली वस्ती ती पेठ, म्हणून तर सोमवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार, रविवार अशी वारांची नावं. जुन्या महसुली दप्तरात गावाच्या नावाआधीच त्याचा दर्जा लिहिलेला असे. मुख्य ठाण्याचं, अंमलदार राहायचे ते गाव कसबा. शेतकऱ्यांचं साधं गाव मौजे. बाजाराची ती पेठ. आपल्याच हातकणंगले तालुक्यात पेठ वडगाव आहे आणि मौजे वडगावही आहे. एका शब्दानं दोन गावं वेगळी राहिली आणि कुठलं बाजाराचं होतं, हेही अजून कळतं. पन्हाळा तालुक्यात पोर्ले तर्फ ठाणे आणि पोर्ले तर्फ बोरगाव अशी दोन पोर्ली आहेत. तर्फ म्हणजे काही गावांचा मिळून केलेला महसुली गट. तो गट गेला, त्याचा अंमलदार गेला, पण सातबाऱ्यावर तर्फ आहेच. कर्यात हाही तसाच जुना महसुली भाग; चंदगडकडं 'कर्यात भाग' हे शब्द अजून रोजच्या बोलण्यात आहेत. या नावांकडं पाहिलं की वाटतं, राज्यकारभार करणाऱ्यांना तेव्हा एक गोष्ट नीट कळली होती: भाग पाडायचा तर त्याला लोकांच्या तोंडी बसेल असं नाव द्यावं लागतं.

मग वॉर्ड आले. ए, बी, सी, डी म्हणजे जुनं गाव आणि ई वॉर्ड म्हणजे गावाबाहेर वाढत गेलेलं शहर. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरी ई वॉर्डात, पहिल्यापासून चौदाव्या गल्लीपर्यंत मोजत जाणारी राजारामपुरी ई वॉर्डात, ताराबाई पार्क आणि कसबा बावडाही ई वॉर्डातच. अक्षरं परकी, पण कोल्हापूरकरांनी ती पचवली. लग्नपत्रिकेवर 'ए वॉर्ड, शिवाजी पेठ' असं आजही छापलं जातं. प्रॉपर्टी कार्ड काढायला गेलात तर नुसता सिटी सर्व्हे नंबर पुरत नाही, पुढं वॉर्डाचं अक्षर लागतंच. आजोबाच्या खरेदीखतावर जे अक्षर, तेच नातवाच्या कर्जाच्या फायलीवर. हद्द हलली नाही, म्हणून अक्षर टिकलं.

प्रभागाचं तसं झालेलं नाही, आणि माझं म्हणणं आहे ते इथं.

प्रभाग आखतात तो निवडणुकीसाठी. जनगणनेचे प्रगणक गट घ्यायचे, ते न फोडता जोडत जायचं, लोकसंख्या सारखी राखायची, उत्तरेपासून सुरुवात करून दक्षिणेला संपवायचं, अशी त्याची रीत. म्हणून आपल्याकडं पहिला नंबर नेहमी कसबा बावड्याकडचा. रीत म्हणून यात वावगं काही नाही. प्रत्येक मताला सारखं वजन मिळायचं तर लोकसंख्या मोजावीच लागते. २०१५ च्या निवडणुकीत शहराचे ८१ प्रभाग होते, प्रत्येकी एक नगरसेवक. २०११ च्या जनगणनेनुसार शहर ५,४९,२३६ लोकांचं, म्हणजे एका नगरसेवकामागं साधारण पावणेसात हजार माणसं. आणि त्या प्रत्येक प्रभागाला नाव होतं. शुगर मिल, लाईन बाजार, ट्रेझरी ऑफिस, खोलखंडोबा, सिद्धाळा गार्डन, दुधाळी पॅव्हेलियन, पंचगंगा तालीम, तटाकडील तालीम, नाथागोळे तालीम, फिरंगाई. ही यादी सावकाश वाचा. कारखाना, देव, बाग, आखाडा, सगळं गाव त्यात आहे. कुणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो बोटानं दिशा दाखवील.

त्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची पाचेक वर्षं प्रशासकांच्या हाती कारभार गेला. नंतर रचना आली ती बहुसदस्यीय: नगरसेवक तेवढेच ८१, पण प्रभाग २०. एकेका प्रभागात साडेसत्तावीस हजारांच्या आसपास माणसं आणि बहुतेक ठिकाणी चार-चार नगरसेवक. ओळख उरली ती क्रमांकाची. आमच्या गल्लीतल्या काकू मतदानाची चिठ्ठी हातात धरून विचारत होत्या, "हा नंबर खरा, पण आपला माणूस ह्यातला कंचा?" त्यांचा प्रश्न भाबडा नाही. गटार तुंबलं तर चौघांपैकी कुणाचं दार वाजवायचं, हे ज्या रचनेत सांगता येत नाही, ती रचना राहणाऱ्यांच्या सोयीची नाही.

चार सदस्यांची पद्धत राज्य सरकारनं ठरवलेली, ती कोल्हापुरात बसून बदलता येणार नाही. पण दोन गोष्टी महापालिकेला इथंच करता येतील. पहिली, प्रभागाच्या क्रमांकापुढं नाव लावावं आणि ते पेठेचं, तालमीचं, देवळाचं असावं. पाटीवर, घरफाळ्याच्या बिलावर, तक्रारीच्या अर्जावर. दुसरी, गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट या चार विभागीय कार्यालयांपैकी आपलं कुठलं, हे गल्लीच्या तोंडाशी लिहावं. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं तीन लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या. त्या समितीची बैठक कधी, कुठं, हे सामान्य माणसाला आधी कळलं तर तो येईल. पेठेची बैठक तालमीत बोलावली तर पन्नास माणसं सहज जमतात, हे सगळ्यांनी पाहिलंय.

हद्दवाढीचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. १९७२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही. भोवतालच्या गावांचा विरोध आहे, आणि त्यामागं घरफाळ्याइतकीच भीती आहे ती गाव पुसलं जाण्याची. ग्रामपंचायतीत सरपंच कोण, ग्रामसेवक कुठं बसतो, हे पोरालाही ठाऊक असतं. शहरात गेलो की आपण एका क्रमांकात जमा होणार, असं त्यांना वाटतं. कसबा बावडा शहरात आला तो आपल्या कसब्यासकट. उद्या पाचगाव, उचगाव किंवा कळंबे तर्फ ठाणे शहरात घ्यायचं ठरलं, तर त्या गावांशी बोलताना पहिल्याच बैठकीत प्रभागाचं नाव गावाचंच राहील असं लेखी द्यावं. तर्फसुद्धा काढू नये.