झाडपाल्याशी जंतूंची जुनी ओळख

प्रतिजैविके निष्प्रभ होत चालल्याची ओरड जसजशी वाढत आहे, तसतसा आपल्याकडे एक सोयीस्कर समज मूळ धरू लागला आहे. कारखान्यातल्या औषधांना जंतू सरावतात, वनस्पतिज द्रव्यांना मात्र कधीच सरावत नाहीत, असा तो समज. साबणापासून कोंबड्यांच्या खाद्यापर्यंत अनेक वस्तूंच्या जाहिराती त्याच्या आधारावर उभ्या आहेत आणि सुशिक्षितांच्या बैठकीतही तो निर्विवाद सत्याच्या थाटात मांडला जातो. वनस्पतींच्या जंतुनाशक गुणाविषयी प्रस्तुत लेखकाला शंका नाही. शंका आहे ती जंतूंच्या या गृहीत धरलेल्या भोळेपणाविषयी.

दारुहळदीचेच उदाहरण घ्यावे. तिच्यातले बर्बेरीन हे पिवळे द्रव्य जंतूंना घातक आहे, यात वाद नाही. परंतु गळवे आणि चिघळलेल्या जखमा यांना कारण होणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूवर एकट्या बर्बेरीनची मात्रा फारशी चालत नाही. त्याच्या पेशीपटलात ‘नॉर-ए’ नावाचा प्रथिनाचा एक पंप असतो आणि आत शिरलेले बर्बेरीन तो तत्परतेने बाहेर उपसून टाकतो. आता गंमत अशी की, या पंपाचे नाव पडले ते नॉरफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकावरून. कारण तेही तो असेच बाहेर फेकतो. झाडाचे औषध आणि कारखान्याचे औषध हा भेद आपला आहे; जंतूच्या लेखी दोन्ही उपशाचाच माल.

यावर वनस्पतीने शोधलेला तोड पाहण्याजोगा आहे. दारुहळदीच्या अमेरिकेतील भाईबंद झुडपांचा अभ्यास करताना फ्रँक स्टर्मिट्झ, किम लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याच झुडपात आणखी एक द्रव्य सापडले. २००० साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. हे द्रव्य स्वतः जंतूला मारीत नाही. ते फक्त पंप अडवते. मग बर्बेरीन पेशीत साठत जाते आणि आपले काम करते. कुष्ठरोगावर पूर्वी वापरीत त्या चालमोगरा तेलात हेच द्रव्य अल्प प्रमाणात आधीच आढळलेले होते, आणि ज्या बियांचे असे तेल निघते त्या कडू कवठाचे झाड आपल्या सह्याद्रीत आहे. तेव्हा आपण जेव्हा वनस्पतीतून एकच ‘गुणकारी’ द्रव्य शुद्ध करून कुपीत भरतो, तेव्हा तिचे अर्धे शस्त्र फेकून देतो. अर्थात, एवढ्यावरून ‘सारे आमच्या ग्रंथांत होतेच’ असा निष्कर्ष काढण्याची घाई वैद्यमंडळींनी करू नये. कोणता काढा पंप अडवतो आणि कोणता अडवीत नाही, हे प्रयोगानेच ठरवावे लागते.

त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट निराळी आहे. बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात स्टुअर्ट लेव्ही यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली असे दाखविले की, पाइन तेलाच्या जंतुनाशकातून तगून राहिलेले ई. कोलाय जंतू टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल यांसारख्या प्रतिजैविकांनाही दाद देईनासे झाले होते. एका संकटाशी झगडताना त्यांनी दुसऱ्यावरही मात केली होती. प्रयोगशाळेच्या बशीत घडले ते घरच्या फरशीवर तसेच घडेल असे नव्हे. पण घडणारच नाही, अशी ग्वाही तरी कशाच्या बळावर द्यायची? लसणीच्या पाकळीत, म्हणजे ॲलिसिनच्या थेट माहेरी, सुखाने नांदणाऱ्या एका जंतूने ॲलिसिन पचविणारी जनुके गोळा करून ठेवल्याचे जर्मनीतील संशोधकांनी २०२० साली नोंदविले आहे.

हा प्रश्न केवळ विद्वानांच्या चर्चेचा राहिलेला नाही. जनावरांच्या वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास युरोपीय संघाने २००६ पासून बंदी घातली. भारताने २०१९ साली पशुपालनातील कोलिस्टिनवर बंदी आणली. दोन्ही निर्णय स्वागतार्हच. मात्र रिकाम्या झालेल्या जागेत आता ओवा, दालचिनी यांची तेले आणि त्यांतले थायमॉल, कार्व्हाक्रॉल येऊ लागले आहेत, आणि तेही थोड्या मात्रेत, रोजच्या रोज, हजारो पक्ष्यांना. बॅसिलस सिरिअस हा अन्न नासविणारा जंतू कार्व्हाक्रॉलच्या सौम्य मात्रेत वाढला की आपल्या पेशीपटलातील मेदाम्लांची घडण बदलतो आणि तग धरतो, हे आपल्याला ठाऊक आहे. अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, शिकतात, हा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना पेनिसिलीनविषयी दिला होता. थायमॉल त्याला अपवाद ठरावे, असे कोणतेही कारण दिसत नाही.

या द्रव्यांवर बंदी घाला, असे येथे सुचवायचे नाही. प्रतिजैविकांची पोती पुन्हा खाद्यात ओतण्यापेक्षा ओव्याचे तेल केव्हाही बरे. परंतु विक्रीचा परवाना देण्यापूर्वी एक साधी परीक्षा बंधनकारक करता येईल. त्या द्रव्यातून वाचलेले जंतू घ्यावेत आणि डॉक्टर नित्य वापरतात त्या प्रतिजैविकांना ते अद्याप बळी पडतात की नाही, हे तपासावे. पशुवैद्यक महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात होण्याजोगे हे काम आहे. त्याचा निकाल, मात्रा आणि वापराची मुदत या तिन्ही गोष्टी खाद्याच्या पोत्यावर मराठीत छापलेल्या असाव्यात. कारण ते पोते फोडणारा कुक्कुटपालक ‘नैसर्गिक’ एवढा एकच शब्द आज त्यावर ठळकपणे वाचतो.