अँटिव्हायरस अपडेट होत नाही? या क्रमाने तपासा

घरात नेट सुरू आहे, फोनवर व्हिडिओ चालतोय, लॅपटॉपवर ई-मेलही उघडतोय. पण अँटिव्हायरस मात्र रोज तेच सांगतो, ‘अपडेट सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही’. दोन-चार दिवस आपण ‘ओके’ दाबून ती खिडकी बंद करतो आणि नंतर तिच्याकडे लक्ष देणंच सोडून देतो.

असं करू नका. सोसायटीच्या वॉचमनकडे चोरांच्या फोटोंची यादी आहे, पण ती सहा महिन्यांपूर्वीची आहे असं समजा. वॉचमन गेटवर उभा दिसतो, पण नवीन चोराला तो ओळखणार कसा? नवीन व्हायरस रोज येतात, त्यामुळे अँटिव्हायरस कंपन्या ही यादी दिवसातून अनेकदा बदलतात. ज्या कॉम्प्युटरवर नेटबँकिंग चालतं, आधार-पॅनच्या फाइल्स आहेत, तिथे जुनी यादी परवडणारी नाही.

यातली बहुतेक कारणं घरच्या घरी सापडतात. सोप्यापासून सुरुवात करा.

१. फोनचा हॉटस्पॉट लावा

लॅपटॉप घरच्या वाय-फायवरून काढून फोनच्या हॉटस्पॉटला जोडा आणि ‘अपडेट’चं बटण स्वतः दाबा. अपडेट झालं, तर अडचण राउटरमध्ये किंवा घरच्या कनेक्शनमध्ये आहे. राउटर बंद करून मिनिटभराने पुन्हा सुरू करा. हॉटस्पॉटवरही झालं नाही, तर दोष कॉम्प्युटरमध्येच शोधायचा.

हॉस्टेल, पीजी, हॉटेल किंवा रेल्वे स्टेशनच्या वाय-फायवर असाल, तर आधी ब्राउझर उघडून लॉगिन पूर्ण करा. त्याशिवाय अपडेट पुढे सरकत नाही.

२. तारीख आणि वेळ पाहा

हे कारण अनेकांच्या लक्षातच येत नाही. अपडेट देणारा सर्व्हर खरा आहे की नकली, हे त्याच्या डिजिटल सर्टिफिकेटवरून ठरतं. त्या सर्टिफिकेटला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. तुमच्या कॉम्प्युटरवर २०१५ साल दिसत असेल, तर त्याच्या दृष्टीने आजच्या सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झालेली नाही. मग तो संपर्क नाकारतो.

सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, मग ‘डेट अँड टाइम’ उघडा. वेळ आपोआप ठरण्याचा पर्याय सुरू करा, टाइम झोन भारताचा ठेवा आणि ‘सिंक नाऊ’ दाबा. डेस्कटॉपची तारीख प्लग काढल्यावर दर वेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. तो बहुधा ‘सीआर २०३२’ असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

३. मुदत संपली आहे का? दोन अँटिव्हायरस आहेत का?

नवीन लॅपटॉपबरोबर आलेला अँटिव्हायरस बऱ्याचदा थोड्या काळापुरता मोफत असतो. मुदत संपली की त्याचं चिन्ह कोपऱ्यात तसंच राहतं, अपडेट मात्र थांबतं. पैसे भरायचे नसतील तर तो नीट अनइन्स्टॉल करा. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासूनच असतो. दुसरा अँटिव्हायरस काढल्यावर तो सुरू होतो. मात्र तो सुरू झाल्याची ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये खात्री करून घ्या.

‘एकापेक्षा दोन बरे’ हा हिशेब इथे चालत नाही. दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि कधी कधी दोघांचंही अपडेट अडतं. एकच ठेवा.

४. प्रॉक्सी आणि व्हीपीएन बंद करून पाहा

ऑफिसचं नेटवर्क वापरलेल्या लॅपटॉपमध्ये तिथली प्रॉक्सीची सेटिंग राहून जाते. घरी आल्यावरही तो ऑफिसचाच रस्ता शोधत बसतो. ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये ‘प्रॉक्सी’ उघडा आणि तिथे हाताने भरलेला पत्ता असेल तर तो बंद करा. व्हीपीएन सुरू असेल तर तोही थोडा वेळ थांबवा. लॅपटॉप कंपनीचा असेल, तर मात्र काहीही न बदलता ऑफिसच्या आयटी विभागाला कळवा.

५. बाकी सगळं उघडतं, फक्त अँटिव्हायरसच्या साइट उघडत नाहीत?

आता सावध व्हा. बातम्या, शॉपिंग, सगळं सुरळीत चालतं, पण दोन-तीन वेगवेगळ्या अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइट उघडतच नाहीत, तर व्हायरस आधीच आत शिरलेला असू शकतो. घरात शिरल्यावर चोर आधी फोनची तार कापतो, त्यातलाच हा प्रकार. २००८ मध्ये आलेला ‘कॉन्फिकर’ हेच करायचा. सुरक्षा कंपन्यांच्या साइटचे पत्ते तो कॉम्प्युटरला सापडूच द्यायचा नाही.

‘होस्ट्स’ नावाची एक छोटी फाइल तपासा. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या क्रमाने फोल्डर उघडा आणि ती फाइल नोटपॅडमध्ये पाहा. # ने सुरू होणाऱ्या ओळी निरुपद्रवी असतात. पण तिथे अँटिव्हायरस कंपन्यांची नावं दिसली आणि त्यांच्यापुढे १२७.०.०.१ किंवा ०.०.०.० असे आकडे असतील, तर कुणीतरी तो रस्ता मुद्दाम बंद केला आहे.

फक्त त्या ओळी पुसून भागत नाही. आत बसलेला व्हायरस त्या पुन्हा लिहू शकतो. म्हणून आधी सफाई करा. दुसऱ्या, चांगल्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ‘सेफ्टी स्कॅनर’ उतरवा, पेन ड्राइव्हवर घ्या आणि इथे पूर्ण स्कॅन करा. हे टूल उतरवल्यापासून १० दिवसच चालतं, म्हणून जुनं वापरू नका. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही अशी मोफत टूल्स मिळतात. तोच पेन ड्राइव्ह परत चांगल्या कॉम्प्युटरला लावण्याआधी फॉरमॅट करा, कारण कॉन्फिकर पेन ड्राइव्हमधूनही पसरायचा. सफाई होईपर्यंत या कॉम्प्युटरवर बँकेचा पासवर्ड टाकू नका. आधीच टाकला असेल, तर तो दुसऱ्या उपकरणावरून बदला.

६. तरीही नाही जमलं?

अनेक कंपन्या, डिफेंडरसुद्धा, अपडेटची फाइल आपल्या साइटवर वेगळी ठेवतात. ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून इथे चालवता येते. त्यानंतरही आपोआप अपडेट होत नसेल, तर अँटिव्हायरस काढून, कॉम्प्युटर रीस्टार्ट करून पुन्हा टाका. लायसन्सचा क्रमांक मात्र आधी लिहून ठेवा.

एक गोष्ट अजिबात करू नका

अडचण आली की आपण पटकन कंपनीच्या नावापुढे ‘कस्टमर केअर नंबर’ असं सर्च करतो. तिथे दिसणारे अनेक नंबर ठगांचे असतात. तो गोड बोलतो, स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावतो, ‘नूतनीकरणासाठी फक्त १० रुपये भरा’ म्हणतो आणि तेवढ्यात कार्डाची माहिती किंवा ओटीपी त्याच्या हाती लागतो. स्क्रीनभर लाल खिडकी येऊन ‘लगेच या नंबरवर फोन करा’ म्हणाली, तरी फोन करू नका. खरा अँटिव्हायरस अशी भीती घालत नाही. नंबर हवा असेल तर तो प्रोग्रॅमच्या ‘हेल्प’मधून किंवा विकत घेतलेल्या खोक्यावरून घ्या.

पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. घरातल्या आजी-आजोबांच्या फोनमध्ये हा नंबर आजच सेव्ह करून द्या. आणि महिन्यातून एकदा, रविवारी चहा घेता घेता, अँटिव्हायरस उघडून ‘शेवटचं अपडेट’ कोणत्या तारखेचं आहे ते पाहा. ती तारीख आजची किंवा कालची असायला हवी.