शेंगा फुटायच्या आत

पनवेल शहर, खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेलच्या वसाहती, माथेरानच्या पायथ्याच्या वाड्या आणि कर्नाळ्याभोवतीची गावं, इथे राहणाऱ्या किंवा इथे जमीन घेतलेल्या प्रत्येकाला ही विनंती आहे. ती पाळायला हातात फक्त मे महिना उरला आहे. जून-जुलैच्या वृक्षलागवडीसाठी रोपांच्या याद्या आत्ता ठरत आहेत. त्या याद्यांतून गिरिपुष्प, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ, पिचकारी आणि गुलाबी टॅबेबुया ही पाच नावं काढून टाका. तुमच्या कुंपणावर, सोसायटीच्या आवारात किंवा शाळेमागे गिरिपुष्प वा सुबाभूळ आधीच उभी असेल, तर तिच्या शेंगा वाळून फुटायच्या आत उतरवा.

ही झाडं दिसायला वाईट नाहीत. फेब्रुवारीत आपल्याकडचे डोंगर पिवळे पडलेले असतात, वणव्यांनी जागोजाग काळे झालेले असतात, आणि त्यातच गिरिपुष्पाच्या निष्पर्ण फांद्या गुलाबी-पांढऱ्या फुलांनी भरून जातात. लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. ते बघून आनंद होणाऱ्या माणसाला दोष देण्याचं काहीच कारण नाही. पण तो गुलाबी पट्टा किती लांबवर गेला आहे, तेही एकदा नीट बघा. जिथे तो सलग दिसतो तिथे ऐन, किंजळ, कुंभा, आसाणा, पळस, पांगारा उभे राहायला हवे होते. ते तिथे नाहीत.

गिरिपुष्प मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. तिकडे कॉफी-कोकोच्या बागांत सावलीसाठी ते लावतात. कोकणात गावाकडे त्याला उंदीरमारी म्हणतात, कारण त्याची साल आणि पाला उंदरांना विषारी असतो. भातशेतीत त्याचा उपयोग खरा आहे. पाल्यात नत्र भरपूर, चिखलणीच्या वेळी गाडला की लवकर कुजतो. चारसूत्री भातलागवडीतलं एक सूत्र हाच पाला आहे. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, बांधावर गिरिपुष्प राखून दरवर्षी त्याची छाटणी करणाऱ्या शेतकऱ्याविरुद्ध हे आवाहन नाही. जी फांदी दर पावसाळ्यात पाल्यासाठी तोडली जाते तिला जून होऊन फुलायला फारशी सवड मिळत नाही, त्यामुळे शेंगाही थोड्याच धरतात. घोटाळा झाला तो हे झाड बांधावरून डोंगरावर गेलं तेव्हा. तिथे त्याला छाटणारं कोणी नव्हतं.

ते डोंगरावर का गेलं हेही समजून घेण्यासारखं आहे. १९८०च्या दशकात सामाजिक वनीकरणाचा जोर होता. उघडे बोडके उतार लवकर हिरवे करायचे होते. गिरिपुष्पाची फांदी खोचली की जगते, शेळ्या-गुरं उग्र वासामुळे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, वणव्यात होरपळलं तरी बुंध्यातून पुन्हा फुटतं. ज्याला रोपं जगल्याचा आकडा कागदावर दाखवायचा आहे त्याला याहून सोयीचं झाड मिळणार नाही. पुढे राज्याची लागवडीची उद्दिष्टं वाढतच गेली: २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. मोजणी रोपांची होते, रानाची होत नाही. अशा मोजणीत जे पटकन वाढतं आणि मरत नाही त्याकडे हात आपोआप वळतो. माझ्या मते दुखण्याचं मूळ इथे आहे, आणि सोसायटीची पन्नास रोपांची यादी करतानाही आपण तीच चूक करतो.

आता शेंगेकडे वळू. गिरिपुष्पाची चपटी शेंग एप्रिल-मेच्या उन्हात वाळते आणि तट्कन फुटते. दोन्ही सालपटं पिळवटतात आणि बिया वीस-पंचवीस मीटरपर्यंत उडतात. त्यांना वारा लागत नाही, पक्षी लागत नाही. पहिल्या पावसात त्या रुजतात. मे महिन्याची घाई याचसाठी आहे: आज हिरव्या असलेल्या शेंगा हाताने उतरवता येतात, पण दोन आठवड्यांनी त्याच शेंगा रिकाम्या झालेल्या असतील. सुबाभळीची तऱ्हा वेगळी आहे. तिच्या शेंगा झुबक्याझुबक्याने लागतात, बी टणक सालीचं असतं, मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि संधी मिळेल तसं उगवतं. झाड तोडलं तर खोडातून धुमारे फुटतात आणि उघड्या झालेल्या मातीतून रोपांचं गवत उठतं.

या सुबाभळीवर एके काळी देशाने केवढी आशा ठेवली होती! १९७० आणि १९८०च्या दशकांत चारा, जळण, कागदाचा लगदा आणि नत्र हे सगळं एकाच झाडातून मिळणार म्हणून महाराष्ट्रात तिचा मोठा प्रसार झाला. बियाणं हवाईहून आलेल्या उंच जातींचं होतं. त्याच हवाईत आणि पॅसिफिकमधल्या इतर बेटांवर आज ती उतारच्या उतार व्यापून बसली आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाशी जोडलेल्या तज्ज्ञांनी जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा १०० आक्रमक प्रजातींची यादी केली, तीत सुबाभूळ आहे. आपल्याकडे रस्त्याकडेला शोभेसाठी लावतात ती पिचकारी, म्हणजे जिच्या कळ्यांतलं पाणी मुलं एकमेकांवर उडवतात ते आफ्रिकेतलं केशरी फुलांचं झाड, तेही त्या यादीत आहे. फिजीत पडीक टाकलेली शेतं ती गिळते. ताहितीची गोष्ट तर प्रत्येक रोपवाटिकेच्या दारावर लिहून ठेवावी अशी. १९३७ मध्ये मायकोनिया नावाचं एक झाड मोठ्या देखण्या पानांसाठी तिथल्या बागेत लावलं गेलं. आज त्याने बेटाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग व्यापला आहे. खाली गडद सावली, तिच्यात दुसरं काही उगवत नाही, आणि मुळं उथळ असल्यामुळे मुसळधार पावसात उतार घसरतात. सेशेल्समध्ये आपल्या गुलाबी टॅबेबुयाचीच एक बहीण, टॅबेबुया पॅलिडा, शोभेसाठी आणि लाकडासाठी आणली गेली. तिच्या बियांना पंख असतात. आता ती तिथल्या जंगलात स्थानिक झाडांची जागा घेत आहे.

ही सगळी बेटं आहेत, पनवेलशी त्यांचा काय संबंध, असं वाटेल. नकाशा उघडून कर्नाळा शोधा. १९६८ मध्ये स्थापन झालेलं पक्षी अभयारण्य, क्षेत्र १२.११ चौरस किलोमीटर. त्याला चिरत जाणारा मुंबई-गोवा महामार्ग, बाहेर फार्महाऊस, वसाहती, गोदामं, दगडखाणी, आणि पलीकडे विमानतळाभोवती वाढतं शहर. प्रबळगड, चंदेरी, माथेरानच्या उतारांवर रानाचे जे तुकडे उरले आहेत त्यांचीही हीच गत. चहूबाजूंनी समुद्राऐवजी सिमेंट असलेली ही बेटं आहेत. बेटावर जे होतं ते इथेही होणार: आतली एखादी जात संपली तर बाहेरून बी येऊन ती भरून निघणार नाही, आणि बाहेरचं जोरकस झाड आत शिरलं तर त्याला अडवणारं आत काही नसतं. अभयारण्याच्या हद्दीला लागून तुम्ही गिरिपुष्पाचं कुंपण घातलंत, तर ते बी उडून आत जायला तुमच्या पुढच्या पिढीची वाट बघावी लागत नाही.

आत गेल्याने काय बिघडतं? कर्नाळ्यात हरियल, तांबट, धनेश, बुलबुल जगतात ते उंबर-वडाच्या, जांभळाच्या, भोकराच्या फळांवर. गिरिपुष्पाच्या आणि सुबाभळीच्या कोरड्या शेंगांत त्यांना खायला काही नाही. मधमाश्या आणि सूर्यपक्षी गिरिपुष्पाच्या फुलांवर येतात हे खरं आहे, पण तो बहर संपला की वर्षभर पुढे काय? ऐनाच्या पानांवर टसरचा किडा वाढतो, पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर भर उन्हाळ्यात पाखरांची जत्रा भरते, कुंभ्याची फळं जनावरं खातात, मोहाची फुलं माणसं वेचतात. रान म्हणजे ही बारमाही देवाणघेवाण. रायगडचा जिल्हा पक्षी असलेला तिबोटी खंड्या पावसाळ्यात ओढ्याकाठच्या मातीत बीळ करून पिल्लं वाढवतो. त्यांच्यासाठी तो बेडूक, पाली, खेकडे, किडे धरून आणतो, आणि हे सगळं ओल्या पालापाचोळ्याच्या, दाट सावलीच्या रानात पैदा होतं. ते रान राहिलं तरच तो येत राहील.

झाडाचा यात गुन्हा नाही. आपलं जांभूळ हवाईत गेलं, आणि तिथे आज ते उपद्रवी वृक्षांत मोजलं जातं. इथे ज्याच्या सावलीत आपण वाढलो त्याच झाडाला तिथली माणसं उपटत असतात. ज्या मातीत त्याला आवर घालणारे किडे, रोग, खाणारे प्राणी नाहीत तिथे कुठलंही चांगलं झाड डोईजड होऊ शकतं. केरळात वायनाडच्या अभयारण्याचं उदाहरण ताजं आहे. पिवळ्या फुलांची सेन्ना स्पेक्टाबिलिस तिथे शोभेसाठी आणि सावलीसाठी लावली गेली. आता हत्तींच्या चराईच्या जागा तिने व्यापल्या आहेत आणि वनविभाग ती काढण्यात गुंतला आहे. लावायला काही रुपयांचं रोप लागलं होतं. काढायला कोट्यवधी लागतात, तरी ती पुन्हा फुटते.

म्हणून पनवेलमध्ये अजून हातात आहे तेवढं करू या. मात्र कुऱ्हाड घेऊन निघू नका, हे कळकळीने सांगतो. उतारावरचं वाढलेलं गिरिपुष्प आज माती धरून आहे. पावसाच्या तोंडावर ते सरसकट तोडलंत तर माती गाढी नदीत आणि तिथून खाडीत जाईल. शिवाय महापालिका हद्दीत झाड तोडायला १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि अभयारण्यात तर पानालाही हात लावायचा नाही. मोठ्या झाडांचं काम वनविभागाने आणि महापालिकेने टप्प्याटप्प्याने करायचं आहे: आधी त्यांच्या सावलीत ऐन, किंजळ, जांभूळ, करंज उभे करायचे, ते डोक्याएवढे झाले की वरचं गिरिपुष्प विरळ करत जायचं. वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि आक्रमक परदेशी प्रजातींचा त्यात प्रथमच समावेश झाला. तेव्हा अशा कामाची मागणी करायला आपल्या हाती आधार आहे. महापालिकेला, वन परिक्षेत्र अधिकाऱ्याला आणि ग्रामसभेला लेखी द्या. ग्रामसभेच्या ठरावाला वजन असतं.

तुमच्या-माझ्या वाट्याला शेंगा आणि रोपं येतात. हिरव्या शेंगा तोडून खतात टाकल्या तर चालतं. वाळून तपकिरी झालेल्या मात्र खतखड्ड्यात अजिबात टाकू नका, नाहीतर खताबरोबर बी सगळ्या सोसायटीत पोचेल. गावाकडे त्या चुलीत जाळा. सुबाभळीच्या बियांवर गरम पाणी ओतून त्या मरतील असं समजू नका. त्या लवकर रुजाव्यात म्हणूनच लोक त्यांना गरम पाण्याचा चटका देतात. पहिले दोन-चार पाऊस झाले की माती मऊ होते, तेव्हा वीतभर उंचीची रोपं मुळासकट हाताने उपटून येतात. दसऱ्यापर्यंत थांबलात तर विळा-कुदळ लागेल, आणि जे तुटेल ते पुन्हा फुटेल. आषाढातले दोन रविवार प्रत्येक सोसायटीने आणि शाळेने एवढ्यासाठी ठेवावेत. शिक्षकांनी आधी मुलांना रोपं ओळखायला शिकवावं, कारण खैराचं किंवा किन्हईचं रोप सुबाभूळ समजून उपटलं जाण्याची भीती खरी आहे. पानांच्या बारीक दलांमुळे ती लहानपणी सारखी दिसतात. शंका असेल तर रोप तसंच ठेवा.

कुंपणाला दुसरं काय लावू, हा फार्महाऊसवाल्यांचा प्रश्न रास्त आहे. पांगाऱ्याची काठी गिरिपुष्पासारखीच खोचली की जगते, आणि तिची लाल फुलं उन्हाळ्यात पक्ष्यांना मिळतात. आडोसा हवा तर निरगुडी आणि अडुळसा, काटा हवा तर सागरगोटा आणि करवंद. रस्त्याकडेला गुलाबी-जांभळा बहर हवा असेल तर आपल्या राज्याचं फूल असलेला ताम्हण आहे, पिवळ्यासाठी बहावा आहे. एकाच जातीची रांग मात्र टाळा, मग ती देशी का असेना.

ही रोपं मिळत नाहीत, अशी तक्रार ऐकू येते. रोपवाटिकेत जे मागितलं जातं ते तयार होतं, म्हणून मागणी आत्ताच नोंदवा, यंदा नाही तर पुढच्या वर्षासाठी. आणि बियाणं इथेच आहे. धोधाणी-मालडुंग्याकडच्या ठाकर आणि कातकरी वाड्यांतल्या बायकांना कुठल्या ओढ्यावर कोणतं झाड आहे आणि त्याचं फळ कधी पिकतं हे पुस्तकापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्यांच्याकडून बी विकत घ्या आणि भाव पाडू नका. जांभळाचं बी दोन-तीन आठवड्यांत मरतं, ते साठवून चालत नाही. जूनमध्ये जांभळं खाल्लीत की बी त्याच दिवशी पिशवीतल्या मातीत खोचा. मोहाचंही तसंच.

आणि ज्या कंपन्या, मंडळं, पक्ष, गृहसंकुलं जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सव साजरा करणार आहेत त्यांच्या पदाधिकाऱ्यांना एक थेट सांगणं: रोपांची ऑर्डर गेली असेल तर आज फोन करून त्यात काय आहे ते विचारा. वरच्या पाचांपैकी काही निघालं तर ते रद्द करा. बदली रोपं मिळाली नाहीत तर यंदा हजाराऐवजी शंभरच लावा, पण प्रत्येकाला पुढचे तीन उन्हाळे पाणी घालायची माणसं त्याच बैठकीत ठरवा.