टर्बो मोटारीचा कॅमशाफ्ट आणि विक्रेत्याची जबाबदारी

आपल्या संघाच्या स्मरणिकेत आडत, कापड, सराफी आणि कर यांवरील लेख वाचण्याची व्यापारी बंधूंस सवय आहे. यंदा आम्ही मोटारीच्या इंजिनातील एका दांड्याविषयी लिहीत आहो. ज्यांचा सुट्या भागांच्या व्यापाराशी संबंध नाही त्यांनी पान उलटले तरी आमचा राग नाही. परंतु ज्यांच्या घरातील चिरंजीव मोटारीचे शौकीन आहेत त्यांनी क्षणभर थांबावे, एवढी विनंती.

चिंताकी येथे आमचे सुट्या भागांचे दुकान आहे. माल बहुतेक ट्रॅक्टर, जीप आणि दुचाकी यांचा. तथापि औराद, देगलूर, उदगीर या टापूत टर्बोचार्जर असलेल्या पेट्रोल मोटारी आता अपूर्वाईच्या राहिलेल्या नाहीत. स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस २००४ साली भारतात आली तेव्हा ती मोठ्या शहरातील चैन होती. पुढे २०१३ साली फोक्सवागनची पोलो जीटी टीएसआय, २०१७ साली मारुतीची बलेनो आरएस, २०२१ साली ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन-लाइन अशा मोटारी आल्या, आणि एक लिटरच्या आसपासच्या इंजिनातून शंभर व त्याहून अधिक अश्वशक्ती मिळू लागली. यांतील काही आता नव्या मिळत नाहीत. परंतु जुन्या बाजारात त्या बेताच्या पैशांत येतात. मोटार दारी लागून महिना झाला नाही तोच तिचा तरुण धनी दुकानी येऊन विचारतो, "शेठजी, मोठा कॅम टाकला तर किती फरक पडेल?"

काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका शेतकऱ्याच्या मुलाने आम्हांस विचारला होता. त्याच्याजवळ जुनी टर्बो सेडान होती. परदेशी विक्रेत्याच्या यादीतील २७२ अंशांचा कॅमशाफ्टजोड त्याने नक्की करून ठेवला होता; आम्ही फक्त मागवून द्यावयाचा होता. आम्ही आगाऊ रक्कम घेतली, माल मागविला, बिल केले. त्याच्या मोटारीचा टर्बो कोणता, स्प्रिंगा किती जुन्या, कंप्युटर कोण जुळविणार, यांतील एकही प्रश्न आम्ही विचारला नाही. तो मागतो आहे, आपण देत आहो, एवढाच आमचा विचार.

कॅम बसला आणि मोटार उभ्या जागी थरथरू लागली. बाजारपेठेतून बाहेर पडताना पूर्वी जो जोर लागे तो नाहीसा झाला. ती उणीव भरून काढण्यासाठी त्याने कोणाकडून तरी टर्बोचा दाब वाढवून घेतला. इंजिन ठोकू लागले. शेवटी एका रात्री देगलूर रस्त्यावर उच्च वेगात एक झडप पिस्टनला भिडली. हेड उतरविले तेव्हा वाकलेली झडप मिस्त्रीने आमच्या हाती दिली. खर्चाचा अर्धा वाटा आम्ही उचलला. उरलेला त्या मुलाच्या वडिलांनी तुरीच्या पैशांतून दिला. ते वडील आम्हांस एक शब्दही बोलले नाहीत. ते आम्हांस अधिक लागले. हा लेख त्यानंतर आम्ही जे शिकलो त्याचा आहे.

कॅमशाफ्टचे काम सांगावयास सोपे. त्याच्यावरील अंडाकृती उंचवटे झडपा उघडतात आणि स्प्रिंगा त्या मिटवितात. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते. म्हणजे इंजिन मिनिटास ६,००० फेऱ्यांनी फिरत असता प्रत्येक झडप सेकंदास ५० वेळा उघडते व मिटते. झडप किती उचलली जाते त्यास लिफ्ट म्हणतात. किती काळ उघडी राहते त्यास ड्युरेशन, आणि हे माप क्रँकच्या अंशांत सांगतात. टर्बो नसलेल्या शर्यतीच्या इंजिनात उच्च वेगाला सिलिंडर भरावयास वेळ अपुरा पडतो, म्हणून झडपा अधिक काळ उघड्या ठेवतात. परिणामी धुराची झडप पुरती मिटण्यापूर्वीच हवेची झडप उघडलेली असते. या सामायिक काळास ओव्हरलॅप म्हणतात. वेगाने बाहेर पडणारा धूर आपल्या मागे ताजी हवा ओढतो, म्हणून त्या इंजिनांस हा प्रकार मानवतो.

टर्बो इंजिनाची गोष्ट निराळी आहे. येथे धुराच्या वाटेत टर्बाइनचे चक्र बसलेले असते. कारखान्याने ते मुद्दाम लहान ठेवलेले असते, कारण गावातल्या कमी वेगालाही त्याने लवकर दाब द्यावयास हवा. इंजिनाचा वेग वाढला की हेच लहान चक्र धुराची वाट अडविते आणि टर्बाइनच्या अलीकडील दाब हवेच्या बाजूच्या दाबाहून वर जातो. अशा वेळी दोन्ही झडपा एकदम उघड्या सापडल्या तर धूर बाहेर जाण्याऐवजी मागे फिरतो. सिलिंडरात ताजी हवा कमी भरते, जुना तप्त वायू उरतो, आणि इंजिन ठोकण्याची प्रवृत्ती वाढते. कमी वेगाला हवेच्या बाजूचा दाब अधिक असतो तेव्हा कारखान्याचे इंजिनिअर व्हेरिएबल टायमिंगने ओव्हरलॅप मुद्दाम वाढवितात, हे खरे. परंतु पुढे तो कमी करण्याची व्यवस्थाही त्यांनीच केलेली असते. दुसऱ्याच हिशोबाने घासलेला मोठा कॅम त्या व्यवस्थेत बसवून द्यावा आणि ती पूर्वीसारखीच चालावी, अशी अपेक्षा करता येत नाही.

म्हणून टर्बो इंजिनाचा कॅम निवडताना ओव्हरलॅप बेताचा ठेवतात. हवेच्या आणि धुराच्या उंचवट्यांमधील कोन सुमारे ११२ ते ११६ अंशांचा राखण्याचा प्रघात आहे. टर्बोच मोठा, मोकळ्या टर्बाइनचा बसविला असेल तर चित्र पालटते, आणि तेव्हा लांब ड्युरेशनचा कॅम आपले पैसे वसूल करून देतो. कारखान्याचा लहान टर्बो तसाच ठेवून प्रथम कॅम बदलणे हा आमच्या मते उलटा क्रम आहे. आधी इंटरकूलर, चांगले पेट्रोल आणि कंप्युटरची जुळणी, मग टर्बो, आणि कॅम सर्वांत शेवटी. आमच्याकडील वैशाखातल्या उन्हात तर इंटरकूलरवर केलेला खर्च पहिल्याच दिवशी जाणवतो.

आता आकड्यांविषयी. २६४, २७२, २८० असे आकडे पाहून ग्राहक कॅमची तुलना करतो. परंतु झडप किती उचलली गेल्यावर मोजणी सुरू केली, हे कळल्याशिवाय त्या आकड्यास अर्थ नाही. कोणी झडप किंचित हलताच मोजतो, कोणी १ मिलिमीटर उचलल्यावर, तर अमेरिकेतील रीत ०.०५० इंचांची, म्हणजे १.२७ मिलिमीटरची. आडत दुकानात बारदानासह वजन आणि निव्वळ वजन यांत जो फरक, तोच येथे. बारदानासकट तोललेले पोते निव्वळ भावाने कोणी घेत नाही. तेथे आपले लोक डोळ्यांत तेल घालून पाहतात, आणि कॅमच्या बाबतीत मात्र पाकिटावरील आकड्यावर हजारो रुपये मोजून मोकळे होतात! आम्हीही त्यांतलेच.

स्प्रिंगांचा हिशोब तर कागदावर करून पाहण्यासारखा आहे. टर्बोचा दाब हवेच्या झडपेच्या पाठीवर पडतो आणि ती उघडू पाहतो. झडपेचा व्यास ३४ मिलिमीटर धरला तर तिचे क्षेत्रफळ सुमारे ९ चौरस सेंटिमीटर होते. १ बार दाबाला तिच्यावर सुमारे ९ किलोचा रेटा येतो. तेवढा जोर स्प्रिंगेच्या जोरातून वजा झाला. त्यात स्प्रिंग जुनी, कॅम अधिक उचलणारा आणि वेग जास्त असला तर झडप वेळेवर मिटत नाही, आणि वर येणारा पिस्टन तिला गाठतो. आमच्या ग्राहकाचे नेमके हेच झाले. पूर्ण उचलीला स्प्रिंगेचे वेढे एकमेकांस टेकतात काय, आणि झडप व पिस्टन यांत अंतर किती उरते, हे बसविण्यापूर्वी मोजलेच पाहिजे. पिस्टनवर मऊ मातीची गोळी ठेवून इंजिन हाताने फिरविले की तिच्यावर उमटलेल्या ठशातून अंतर कळते. हवेच्या झडपेला सुमारे २ आणि धुराच्या झडपेला सुमारे अडीच मिलिमीटर अंतर ठेवण्याचा जुना दंडक आहे. दिवसभराचे काम आहे, म्हणून मिस्त्री ते टाळतात.

धातूचाही प्रश्न आहेच. कॅमशाफ्ट म्हटला की परदेशाकडे पाहावयाची आपल्या तरुणांस सवय. परंतु आपल्यापासून जवळच, सोलापुरात, १९९२ साली स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कारखान्याचे कॅमशाफ्ट देशोदेशींच्या मोटारकंपन्यांकडे जातात. चिल्ड ओतकामाची रीत पाहण्यासारखी असते. वाळूच्या साच्यात उंचवट्यांच्या जागी लोखंडी तुकडे बसवितात. तेथे रस झटकन थंड होऊन पृष्ठभाग अतिकठीण बनतो, आणि दांड्याचा उरलेला भाग सावकाश निवून कातण्याजोगा राहतो. मातीच्या साच्यात जस्त-तांब्याचा रस ओतून बिदरी घडविणाऱ्या बीदरकरांस यात फारसे परके काही वाटू नये. ही कठीण त्वचा लक्षात घेतली म्हणजे जुनाच कॅम घासून त्याला नवा आकार देण्याचा स्वस्त मार्ग का जपून वापरावा हे उमगते. अधिक घासले तर कठीण थर निघून जातो. शिवाय उंचवट्याचे मूळ वर्तुळ लहान होते आणि टॅपेटची जुळणी बिघडते.

कायद्याविषयी थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकास करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे लागू केले आहे. शर्यतीच्या मैदानावरील मोटार वेगळी आणि देगलूर रस्त्यावरील वेगळी. हे वाक्य आम्ही आता ग्राहकासमोर उच्चारतो, आणि काही ग्राहक ते ऐकून परत जातात.

संघाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा काही बंधूंनी आक्षेप घेतला. ग्राहक सज्ञान आहे, पैसा त्याचा आहे. दुकानदाराने उलटतपासणी केली तर तो मोबाइलवरून थेट माल मागवील आणि गिऱ्हाईक मात्र तुटेल. या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. आमची दोन गिऱ्हाइके अशीच तुटली. परंतु मोबाइलवर जे मिळते तेच आम्ही काउंटरवरून देणार असू, तर चिंताकीच्या माणसाने आमच्या दुकानाची पायरी का चढावी, याचे उत्तर त्या बंधूंनी दिले नाही. कापडाचा व्यापारी आटणारे कापड आटेल म्हणून सांगतो. सराफ कस लावून दाखवितो. सुट्या भागांच्या धंद्यानेच तेवढे तोंड मिटून माल द्यावा, हे आम्हांस पटत नाही.

आम्ही आता अशा मागणीला एक छापील तक्ता भरून घेतो: टर्बो कोणता व दाब किती, स्प्रिंगा केव्हा बदलल्या, टॅपेट सपाट की रोलरचे, कंप्युटर कोण जुळविणार, मोटार रस्त्यावर चालणार की मैदानावर. कॅमचे ड्युरेशन किती उचलीवर मोजले आहे ते आम्ही बिलावर लिहितो. विक्रेता ते कळवीत नसेल तर तो माल मागवीत नाही. पहिल्याच वर्षी अर्ध्याहून अधिक ग्राहकांनी तक्ता भरता भरता कॅमचा विचार सोडला आणि कोणी इंटरकूलर, कोणी नुसते नवे प्लग घेऊन गेले. बिलाची रक्कम घटली हे कबूल करावयास हवे.

तो शेतकऱ्याचा मुलगा अजून येतो. मोटारीत कारखान्याचा मूळ कॅम पुन्हा बसविला आहे. तक्त्यातील स्प्रिंगांचा प्रश्न त्यानेच आम्हांस घालावयास लावला. ज्या बंधूंस हा तक्ता आपल्या दुकानासाठी हवा असेल त्यांनी कळवावे. छपाईचा खर्च आम्ही सोसू.