म्हणे, मासे मरतातच!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. कुणाशी, ते पुढे कळेलच. नातेवाईकांपैकी कुणाला टोपी बसली तर त्यांनी ती खुशाल घालावी!

गेल्या आठवड्यात धाकट्या पुतण्याचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि त्यानं विचारलं, "काका, मासे काय म्हणतायत?" मी म्हटलं, "चार नवीन आणलेत, पण आजारी निघाले. वेगळ्या टबात ठेवलेत, औषधपाणी चालू आहे." त्यावर तो जो हसला! "वीस रुपयांचा मासा आणि त्याला औषध? काका, मासे मरतातच. फेकायचे आणि नवे आणायचे."

हे "मासे मरतातच" मी गेल्या चार वर्षांत इतक्या तोंडांनी ऐकलं आहे की आता ती म्हण व्हायची बाकी आहे. दुकानदार म्हणतो, शेजारी म्हणतात, सकाळी सोबत फिरायला येणारे आमचे एक निवृत्त मित्रही म्हणतात (आणि हे गृहस्थ घरातल्या पोपटाला मिरची निवडून घालतात!). म्हणणाऱ्यांच्या चेहऱ्यावर असा भाव, की आपण काहीतरी वेदान्त सांगतोय. माझं म्हणणं इतकंच आहे की हा वेदान्त नसून आळस आहे. आणि हे मी अधिकारानं सांगतो, कारण तो आळस मी स्वतः केलेला आहे.

त्याचं असं झालं. नात बारावीनंतर शिकायला पुण्याला गेली आणि आपली 60 लिटरची काचेची टाकी माझ्या गळ्यात बांधून गेली. अकरा गप्पी आणि दोन काळ्या मोली. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, शास्त्राचा आणि माझा संबंध स्टाफरूमपुरता. पण नातीनं वहीत लिहून दिलं होतं तसं खाणं घालत होतो, पाणी बदलत होतो. सगळं ठीक चाललं होतं. 2024च्या जानेवारीत मला हौस आली. सांगलीला गेलो होतो, तिथून चार रंगीत गप्पी आणले आणि पिशवी थेट टाकीत रिकामी केली. माधवनगरला त्या दिवसांत पहाटे चांगलीच थंडी पडते आणि टाकीत हीटर नव्हता.

पाचव्या दिवशी एका माशाच्या शेपटीवर रव्याचे कण चिकटल्यासारखं दिसलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्याच अंगावर. मासे दगडांना अंग घासायला लागले, कल्ले भराभर हलायला लागले. दुकानात गेलो. त्यांनी हिरव्या-निळ्या पाण्याची एक बाटली दिली आणि वर माणसांच्या औषधातली एक कॅप्सूल. "ही पण फोडून टाका, सगळ्यावर चालते." बाटलीत काय आहे ते बाटलीवर लिहिलेलं नव्हतं. किती दिवस घालायचं तेही नाही.

तिसऱ्या दिवशी ठिपके गायब! मी नातीला फोन करून फुशारकी मारली आणि औषध बंद केलं. आठवड्याच्या आत ठिपके परत आले, ते असे की मासा दिसेना, ठिपकेच दिसावेत. चार दिवसांत नऊ मासे गेले, त्यात नातीनं पिल्लापासून वाढवलेली एक मोलीही होती. फोनवर सांगताना मला घाम फुटला. ती रडली नाही, रागावलीही नाही. तिनं फक्त विचारलं, "आजोबा, औषध किती दिवस घातलं होतं?"

त्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही म्हणून मग मी अभ्यासाला बसलो. शब्दकोश घेऊन इंग्रजी वाचलं, नातीला विचारून घेतलं, भिंग घेऊन टाकीपुढे बसलो.

या रोगाच्या जंतूचं नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस. फूके नावाच्या फ्रेंच माणसानं 1876 साली ते ठेवलं. उच्चार करताना माझ्या कवळीची परीक्षाच होते, पण अर्थ मोठा सुरेख आहे: पुष्कळ लेकरं असलेली माशाची ऊ. (ऊ नव्हे ती खरं तर, एकाच पेशीचा जीव आहे.) आपल्याला दिसतो तो पांढरा ठिपका म्हणजे हा जीव माशाच्या कातडीखाली बसून जेवत असतो. तिथे त्याला कुठलंही औषध लागू पडत नाही, कारण वर माशाच्याच कातडीचं पांघरूण. पोट भरलं की तो बाहेर पडतो, तळाच्या वाळूत जाऊन स्वतःभोवती कवच करतो आणि आत त्याचे तुकडे पडत जातात. एकाचे शेकडो, कधी हजारापर्यंत. मग कवच फुटतं आणि ही पिलावळ नवा मासा शोधत सुटते. साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरते. औषध लागू पडतं ते या उघड्यावर पोहणाऱ्या पिलावळीला.

आता ध्यानात आलं का? ठिपके गेले, याचा अर्थ रोग गेला असा नाही. वर्गातली मुलं दिसेनाशी झाली म्हणून शाळा सुटली असं कोणता मास्तर समजेल? मुलं मैदानात गेलेली असतात! मी ज्या दिवशी नातीला फुशारकीनं फोन केला, नेमकी त्याच दिवशी टाकीच्या तळाशी हजारोंची तयारी चालली होती, आणि मी औषध थांबवलं. आपण सगळे नेमकं तिथेच थांबतो आणि मग म्हणतो, मासे मरतातच.

कुणी म्हणेल, नदीतले मासेही आजारी पडतात, तिथे कोण औषध घालतं? निसर्गनियम आहे. हा युक्तिवाद मला फार ऐकावा लागतो आणि तोच सगळ्यात पोकळ आहे. कृष्णेच्या पात्रात ही पिलावळ सुटली तर तिला दोन दिवसांत मासा गाठणं सोपं नाही. पाणी वाहतं, मासे पांगलेले असतात, बहुतेक पिलं उपाशी मरतात. माशाला चार-दोन ठिपके आले तर तो ते सोसून जातो. आपल्या काचेच्या डब्यात मात्र 60 लिटर पाण्यात पंधरा मासे आणि चहूबाजूंनी भिंत. पळायला जागा नाही. सुटलेल्या प्रत्येक पिलाला मासा मिळणारच. तेव्हा हा निसर्गनियम नव्हे, ही आपण बांधलेली कोंडी आहे. कोंडायचं आपण आणि मरणाची जबाबदारी निसर्गावर!

बरं, उपाय तरी काय मोठा आहे? मीठ, ऊब आणि सबुरी. मोली आणि गप्पी यांना मीठ चांगलं सोसतं. मी लिटरला 2 ग्रॅम धरतो. टब 20 लिटरचा, म्हणून 40 ग्रॅम, तेही आधी विरघळवून आणि दोन दिवसांत थोडं थोडं. (टाकीत वनस्पती किंवा बिनखवल्यांचे मासे असतील तर मात्र जपून.) हीटरनं पाणी हळूहळू तापवत 30 अंशांपर्यंत न्यायचं, कारण उबेत त्या जीवाचं चक्र भरभर फिरतं आणि तो लवकर उघड्यावर येतो. थंड पाण्यात तेच चक्र काही आठवडे रेंगाळतं. ऊन पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून हवेचा पंप चालू ठेवायचा. रोज नळीनं तळाचा गाळ ओढून काढायचा, कारण कवचं तिथेच असतात, आणि काढलं तेवढ्याच पाण्यापुरतं मीठ नव्यानं घालायचं. आणि हे सगळं ठिपके गेल्यावरही आठवडाभर चालू ठेवायचं. हे शेवटचंच कुणाच्यानं होत नाही.

त्या कॅप्सूलबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. ती टेट्रासायक्लिनची होती. हे औषध जिवाणूंवरचं. ठिपक्यांचा जीव जिवाणू नव्हेच. म्हणजे रोग्याला सोडून शेजाऱ्याला इंजेक्शन! वर टाकीच्या गाळणीत जे उपकारी जिवाणू माशांची घाण पचवतात तेही त्या औषधानं मरू शकतात, मग पाण्यात अमोनिया साठतो आणि उरलेले मासे त्यानं गुदमरतात. शेवटी ते पाणी आपण कुठे ओततो? गटारात. माणसांची प्रतिजैविकं लागू पडेनाशी झाली म्हणून डॉक्टर डोकं धरून बसलेत आणि आपण ती वीस रुपयांच्या माशावर, तीही चुकीच्या रोगाला, बादलीनं ओततोय. हिरव्या बाटल्यांत बऱ्याचदा मॅलाकाइट ग्रीन असतं. खाण्याच्या माशांवर ते वापरायला युरोप-अमेरिकेत बंदी आहे. शोभेच्या माशांवर ते चालतं, पण मोजून. आमच्याकडे "एक झाकण" हे माप! झाकण कुठल्या बाटलीचं, विचारू नका.

दुकानदारांचा मला सरसकट राग नाही. हे मासे चेन्नईजवळच्या कोळत्तूरहून, बंगालातून, प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून दिवसरात्र प्रवास करून येतात. तो थकवा आणि ती गर्दी म्हणजे रोगाला आवतणच. केंद्र सरकारनं 2017 साली मत्स्यालयांच्या दुकानांसाठी नियम काढले होते, ते नंतर मागेही घेतले. मला कायदा नकोच आहे. माल आल्यावर दोन आठवडे तो वेगळ्या टाकीत ठेवा आणि मग विका, एवढंच मागणं. हे मी एकदा बोललो तर उत्तर आलं, "सर, दोन आठवडे ठेवले तर विकणार कधी?" म्हणजे त्यांनाही माहीत आहे! मग निदान आपण तरी घरी वेगळा टब ठेवावा की नाही?

आणि प्रत्येक दुखण्याला मीठही नको. गप्पीच्या शेपटीमागून तांबडे दोरे लोंबताना दिसले तर तो कॅमॅलॅनस नावाचा पोटातला जंत. त्याला मीठ-ऊब काही करत नाही, जंताचंच औषध लागतं. लेव्हॅमिसोल त्यावर चालतं. आटपाडी-जतकडचे मेंढपाळ ते नाव ओळखतात, मेंढ्यांच्या जंतांवर तेच देतात. पण मेंढीचं माप माशाला चालत नाही, जाणत्याला विचारून घ्या. सांगायचं ते हे, की आधी रोग ओळखायचा. पंधरा रुपयांचं भिंग पुरतं.

आता पुतण्याच्या वीस रुपयांकडे येतो. बाबा रे, डासांच्या अळ्या खायला हा मासा 1910च्या सुमारास आपल्या देशात आणला गेला. त्याचं मूळ गाव दक्षिण अमेरिकेत. आरोग्य खातं आजही त्याला डबक्यांत, हौदांत सोडतं. फुकटचा शिपाई! त्याची किंमत वीस रुपये ही दुकानदारानं लावली, त्या माशानं नव्हे. तू म्हणशील, माणसांना औषध मिळत नाही तिथे हे काय चोचले. मान्य. पण मी मीठ घालतोय, केशर नाही. आणि मला कुणी मासे पाळायची सक्ती केली नव्हती. पाळले तर निस्तरायला नको का?

असो. आज टबातल्या चौघांचा नववा दिवस. ठिपके सहाव्या दिवशीच गेले. मोठ्या टाकीत एकही ठिपका नाही, कारण या वेळी पिशवी तिकडे नेलीच नाही. दोघांची नळी आणि जाळी वेगळी आहे, हातही धुऊन-पुसून मग दुसरीकडे घालतो. नातीचा काल फोन आला होता. तिनं पहिलं विचारलं, "कितवा दिवस?" मी सांगितलं. पुतण्या रविवारी येतोय, त्याला टबाला हात लावायचा नाही असं आधीच बजावून ठेवलं आहे.

चार दिवस राहिलेत. क्लोरीन उडून जावं म्हणून सकाळीच बादली भरून ठेवली आहे, आता पाणी बदलायला उठतो.